ग्रामपंचायतीला लाल कार्ड, मग खात्याला कोणतं?

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
तसेच सर्व जिल्हा आरोग्य अधिकारी आणि महापालिकांचे आरोग्य अधिकारी

विषय : आरोग्य केंद्रांना मानांकन आहे, तसं आरोग्य खात्यालाही असावं, याबाबत.

महोदय,

‘वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की’ ही ओळ मी एकतीस वर्षांत इतक्या वेळा लिहिली की आता हात आपोआप तिकडेच वळतो. पण आता निवृत्त झालोय आणि हे पत्र उघडं आहे, तेव्हा साध्या भाषेत लिहितो.

मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यात होतो. आधी आरोग्य सेवक, शेवटची बारा वर्षं आरोग्य सहाय्यक. तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने, पाण्याचे नमुने, टीसीएलचा (पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरचा) साठा, डासअळ्यांसाठी घरोघर कंटेनर तपासणं, साथ आली की सर्वेक्षण, आणि या सगळ्याचे अहवाल. दवाखान्याच्या आतलं काम डॉक्टर आणि सिस्टरांचं, बाहेरचं आमचं. मी लिहितोय ते त्या बाहेरच्या कामाबद्दल.

वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, आम्ही गावोगावच्या पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण करायचो. विहिरीभोवती घाण आहे का, टाकी धुतली का, पाइपलाइन गळते का, व्हॉल्व्ह गटारात आहेत का, टीसीएल पुरेशी आणि चांगली आहे का, हे पाहायचं आणि जोखमीप्रमाणे ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड द्यायचं. सलग पाच वर्षं हिरवं टिकवलं आणि पाण्यातून साथ आली नाही तर चंदेरी. आपल्या राज्याची ही पद्धत मला मनापासून आवडते. ती कुठल्या जाड इंग्रजी पुस्तिकेतून आलेली वाटत नाही, कार्डाचा रंग शाळेतल्या पोरालाही कळतो, आणि लाल कार्ड हातात पडलं की गावात चर्चा होतेच होते.

अशाच एका ऑक्टोबरात एका सरपंचबाईंच्या हातात मी लाल कार्ड दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “काय हो साहेब, आम्हाला तुम्ही कार्ड देता. तुम्हाला कोण देतं?”

“आम्हाला मेमो मिळतात,” मी म्हणालो. सगळे हसले. पण बाईंचा प्रश्न तिथे संपला नव्हता, आणि माझ्याही डोक्यातून तो गेला नाही.

आरोग्य खात्यात मानांकन नाही असं कुणी म्हणणार नाही. २००७ पासून केंद्र सरकारची भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकं आहेत, ती २०१२ आणि २०२२ मध्ये सुधारली गेली. २०१३ पासून राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानकं आहेत, ज्यांना आपण सगळे ‘एनक्यूएएस’ म्हणतो. २०१५ पासून ‘कायाकल्प’ ही स्वच्छतेची पुरस्कार योजना आहे. प्रसूती कक्षासाठी २०१७ च्या शेवटी ‘लक्ष्य’ नावाचा कार्यक्रम आला. एनक्यूएएसची तपासणी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: आठ मोठे विभाग, त्यांखाली मानकं, त्यांखाली तपासणीचे मुद्दे. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण. पुरावा मिळवायच्या चार रीती: डोळ्यांनी पाहणं, कर्मचाऱ्याला विचारणं, नोंदी तपासणं आणि रुग्णाशी बोलणं. सत्तर टक्क्यांच्या वर गेलात तर तीन वर्षांचं राष्ट्रीय प्रमाणपत्र.

याने फरक पडला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. प्रसूतीच्या टेबलाला पडदा आला. हात धुवायच्या बेसिनला कोपराने उघडायचा नळ आला. सुया कापून पांढऱ्या डब्यात जाऊ लागल्या. बाईला ‘किती ओरडतेस’ म्हणायची सवय पूर्ण गेली नसेल, पण कमी झाली. ज्या केंद्रात पावसाळ्यात पेशंटच्या अंगावर पाणी गळायचं, तिथे स्लॅब झाला. या कामाला मी नावं ठेवणार नाही.

तपासणीच्या आदल्या आठवड्याचं चित्रही तुम्हाला ठाऊक आहे. तालुक्याच्या नर्सरीतून कुंड्या भाड्याने येतात. रंगारी रात्री दहापर्यंत भिंतीवर बाणाच्या खुणा काढत असतो. एकीकडे औषधनिर्माता एक्सपायरी गोळ्यांची खोकी मोटारसायकलला बांधून कुठेतरी नेतोय, दुसरीकडे सिस्टर सहा महिन्यांचं फ्रिजच्या तापमानाचं रजिस्टर भरतेय, सकाळ-संध्याकाळ, एकाच निळ्या पेनाने. एकदा आमच्या एका डॉक्टर मॅडमनी डोकं लावलं आणि तीन पेनं आणून दिली. हे मी थट्टेने लिहीत असलो तरी त्या सिस्टरला दोष देत नाही. रजिस्टर रोज भरायला जो माणूस लागतो त्याची जागा चार वर्षं रिकामी होती.

तरीसुद्धा एनक्यूएएसचा मुद्दा माझ्या तक्रारीत येत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हे सगळं मानांकन इमारतीला आहे. उपकेंद्राला, प्राथमिक आरोग्य केंद्राला, ग्रामीण रुग्णालयाला, जिल्हा रुग्णालयाला. या सगळ्यांच्या डोक्यावर जे खातं बसलंय, म्हणजे तालुका आरोग्य अधिकाऱ्याचं कार्यालय, जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग, महापालिकेचा आरोग्य विभाग, पुण्या-मुंबईतली संचालनालयं, त्यांना कोणी शून्य, एक, दोन गुण देत नाही. आणि साथ आली की पहिली कसोटी लागते ती त्यांचीच.

एक प्रसंग सविस्तर सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, तालुक्याचंही नाही.

जुलै महिना. तीन दिवस पाऊस, मग उघडीप. सोमवारी गावातल्या खासगी डॉक्टरांनी सहा जणांना सलाइन लावलं. जुलाब, उलट्या. त्यांनी कुणाला कळवलं नाही. कळवायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. मंगळवारी आशाताईने दोन घरांत पेशंट पाहिले आणि सिस्टरला फोन केला. सिस्टर त्या दिवशी दुसऱ्या गावात लसीकरणाला होती. तिने वहीत लिहून ठेवलं. साथरोग सर्वेक्षणाचा एस फॉर्म, म्हणजे लक्षणांवरून भरायचा उपकेंद्राचा अहवाल, तेव्हा आठवड्याला जायचा, त्यामुळे घाई कुणालाच नव्हती. बुधवारी केंद्रात चार पेशंट आले. डॉक्टरांनी उपचार केले, ओपीडी रजिस्टरला ‘जुलाब’ अशी नोंद झाली, चारही पेशंट एकाच गल्लीतले आहेत हे रजिस्टरला कळण्याचं कारण नव्हतं.

मला कळलं गुरुवारी दुपारी. मी तालुक्याच्या मेडिकलमध्ये बीपीची गोळी घ्यायला थांबलो होतो. दुकानदार म्हणाला, “काका, तुमच्या त्या गावात काय चाललंय? कालपासून ओआरएस संपलंय माझ्याकडचं.”

मी तसाच गेलो. सगळ्यात शेवटच्या नळाचं पाणी नळीत घेतलं, ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या रसायनाचे, थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. नळी काचेसारखी स्वच्छ राहिली. मधल्या नळाला तेच, टाकीखालच्या नळाला तेच. ग्रामपंचायतीच्या खोलीत टीसीएलचं पोतं होतं. ताज्या पावडरमध्ये क्लोरीन तेहतीस टक्क्यांच्या आसपास असतं, पोतं उघडलं की डोळ्यांत पाणी येतं. या पोत्याला वासच नव्हता. आत दगडासारखे गोळे. पोतं रीतसर खरेदी केलेलं, साठा नोंदवहीत ‘पुरेसा’. वॉलमनला घेऊन व्हॉल्व्हपाशी गेलो. चेंबरला झाकण नव्हतं, आत गुडघाभर काळं पाणी, त्यात व्हॉल्व्ह बुडालेला, आणि शेजारून नाला. पाणी सुटलं की दाबाने बाहेर गळायचं, बंद झालं की तेच काळं पाणी पाइप आत ओढून घ्यायचा. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात हे रोजचंच आहे, फक्त त्यात कधी जंतू असतात, कधी नसतात.

व्हॉल्व्ह बंद केला तेव्हा साडेचार वाजले होते. पहिल्या सलाइनपासून तीन दिवसांहून जास्त. पुढचं तुम्हाला माहीत आहे: पथक आलं, शाळेत खाटा टाकल्या, घरोघर मेडिक्लोर (पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध) वाटलं, गाडी फिरवून पाणी उकळून प्यायला सांगितलं. एकूण एक्केचाळीस रुग्ण. आमच्या अहवालात मृत्यूच्या रकान्यात ‘निरंक’ आहे. एक म्हातारी मात्र गेली. मुलाने तिला थेट शहरातल्या खासगी दवाखान्यात नेलं होतं, नोंद शहरात झाली, आमच्या कागदावर ती कधी आलीच नाही. मी तेराव्याला जाऊन आलो, म्हणून मला माहीत.

आता यातली गंमत बघा. त्याच वर्षी त्या प्राथमिक आरोग्य केंद्राला गुणवत्तेचं प्रमाणपत्र मिळालं. आणि ते योग्यच होतं! केंद्रात आलेल्या प्रत्येक पेशंटला चांगले उपचार मिळाले, एकालाही तिथे नवा संसर्ग झाला नाही, वॉर्ड स्वच्छ होता, औषधं होती. केंद्र पास झालं. नापास झालं ते खातं, आणि त्या परीक्षेचा पेपरच कुणी काढलेला नव्हता. आशा, सिस्टर, डॉक्टर, प्रत्येकाने आपापल्या चौकटीतलं काम केलं. खासगी डॉक्टर, मेडिकल, आशा, ओपीडी आणि नळ, या पाच ठिकाणी पाच तुकडे होते. ते तुकडे जोडणं हे खात्याचं काम. ते कुणाच्या जॉबचार्टमध्ये होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

माझी भाची अमेरिकेत ओहायो राज्यात एका काउंटीच्या आरोग्य खात्यात नोकरी करते. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला तालुका समजा. हा प्रसंग मी तिला फोनवर सांगितला तेव्हा ती म्हणाली, “मामा, आमच्याकडे दवाखान्याचं मानांकन वेगळं आणि खात्याचं वेगळं.” मग तिने जे सांगितलं आणि मी जे वाचलं, त्याचा सार असा. तिथे २००७ मध्ये पब्लिक हेल्थ अ‍ॅक्रेडिटेशन बोर्ड नावाची ना-नफा संस्था निघाली. तिने लगेच निकष छापून वाटले नाहीत. आधी मसुदा केला, २००९-१० मध्ये तो ३० आरोग्य खात्यांवर चालवून पाहिला, काय जमतं काय जमत नाही ते बघितलं, आणि २०११ मध्ये मानांकन सुरू केलं. पहिल्या ११ खात्यांना ते फेब्रुवारी २०१३ मध्ये मिळालं. मुदत पाच वर्षं. पहिल्या निकषांत बारा विभाग होते, आणि त्यात खाटा किती, पडदे कसे, हे कुठेच नव्हतं. होतं ते असं: तुमच्या भागातल्या लोकांच्या आरोग्याची स्थिती काय, हे तुम्ही लोकांना सोबत घेऊन तपासलंय का? साथ आली तर चोवीस तासांत कधीही तपास करायला तुमच्याकडे माणूस आणि प्रयोगशाळा आहे का? मागच्या साथीनंतर बसून ‘आपलं काय चुकलं’ हे लिहिलंय का? कायदा तुम्हाला काय अधिकार देतो, हे तुमच्या माणसांना ठाऊक आहे का?

देशभर हे ऐच्छिक आहे. ओहायोने मात्र सक्ती केली: स्थानिक खात्यांनी २०१८ पर्यंत अर्ज करायचा, २०२० पर्यंत मानांकन मिळवायचं, नाहीतर राज्याचा निधी अडू शकतो. भाचीचं मत यावर फारसं चांगलं नाही. ती म्हणाली, दोन वर्षं अर्धं ऑफिस कागद स्कॅन करत होतं. लहान काउंट्यांची तर त्रेधा उडाली. दहा माणसांच्या खात्याने शंभर माणसांच्या खात्याइतकेच पुरावे जोडायचे. पुढे बोर्डालाही हे उमगलं असावं, कारण २०२२ मध्ये त्यांनी निकष नव्याने लिहिले आणि जी खाती पूर्ण मानांकनाला अजून तयार नाहीत त्यांच्यासाठी वेगळी पायरी काढली.

म्हणून मी ‘अमेरिकेसारखं करा’ असं म्हणत नाही. आपण करायला गेलो तर काय होईल हे मला स्पष्ट दिसतं. मुंबईहून एक नमुना येईल, त्यात २१२ मुद्दे असतील, प्रत्येकापुढे ‘होय/नाही’. जिल्हा तो तालुक्याला पाठवेल, तालुका केंद्राला, केंद्र उपकेंद्राला, आणि शेवटी रात्री आठ वाजता आशाताईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येईल, ‘उद्या दुपारी बारापर्यंत माहिती सादर करावी, अन्यथा’. ‘अन्यथा’च्या पुढे काही नसतं, पण ते पुरतं. खात्याच्या मानांकनाचं ओझं जर पुन्हा सगळ्यात खालच्या बाईच्या डोक्यावर जाणार असेल तर कृपा करून ते करूच नका.

करणार असाल तर माझं म्हणणं एवढंच आहे: आदल्या रात्री तयार करता येणार नाही, असाच पुरावा मागा.

म्हणजे कसं, ते सांगतो. तपासणी पथक जिल्ह्यात येईल तेव्हा त्याने मागच्या वर्षातली एक साथ चिठ्ठी टाकून निवडावी. गॅस्ट्रो, डेंग्यू, कावीळ, गोवर, जी निघेल ती. मग फाइल मागू नये. फाइलमध्ये साथ नेहमीच ‘तात्काळ आटोक्यात’ आलेली असते. त्या गावात जावं आणि उलट्या दिशेने चालावं. पहिला आजारी कोण, कोणत्या दिवशी? त्याने पहिल्यांदा कुणाला दाखवलं? खात्यातल्या पहिल्या माणसाला कधी कळलं, आणि कळलं ते खात्याच्या यंत्रणेतून की मेडिकलवाल्याकडून? व्हॉल्व्ह कधी बंद झाला? गावाला कधी सांगितलं? गावातली माणसं हे तारीखवार सांगतात. पोळ्याच्या आधी की नंतर, बाजाराच्या दिवशी की दुसऱ्या दिवशी, असं विचारलं की बरोबर आठवतं. मी पन्नासेक साथींत विचारलंय. या चार तारखांमधलं अंतर म्हणजे त्या खात्याचे गुण. त्यात कुठलंही पेन चालत नाही.

अशी मापं जगात आहेत. साथ सात दिवसांत लक्षात यावी, एका दिवसात कळवली जावी, पुढच्या सात दिवसांत नियंत्रणाची पहिली पावलं पूर्ण व्हावीत, असं ‘७-१-७’ नावाचं एक माप अलीकडे बोललं जातं. ते मोठ्या साथींसाठी ठीक आहे. आमच्या नळाच्या गॅस्ट्रोला सात दिवस म्हणजे अर्धं गाव. तेव्हा आपलं माप आपणच ठरवावं, आणि ते सातच्या बरंच खाली असावं.

यात एक धोका आहे, आणि निकष लिहिणाऱ्यांनी पहिल्या दिवशीच त्याचा विचार करावा. साथींची संख्या कधीही गुणांना जोडू नका. जोडलीत की दुसऱ्या दिवसापासून साथी बंद होतील, कागदावर. साथ लपवणारं खातं आणि साथ नसलेलं खातं अहवालात अगदी जुळ्या भावांसारखं दिसतं. नोकरीत मला वरून तोंडी सूचना आलेली आहे की ‘गॅस्ट्रो लिहा, कॉलरा लिहू नका’. प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधी लिहू नका, हे मी समजू शकतो. तो आल्यानंतरही लिहू नका, हे मला कधी समजलं नाही. मी काय केलं? गॅस्ट्रो लिहिलं. घर चालवायचं होतं. म्हणून म्हणतो, ज्या जिल्ह्याने जास्त साथी लवकर पकडल्या त्याला जास्त गुण द्या आणि ज्याचे वर्षभर सगळे अहवाल ‘निरंक’ आहेत त्याच्याकडे पथक आधी पाठवा. सव्वीस-सत्तावीस लाखांच्या जिल्ह्यात वर्षभर कुणाचं पोट बिघडलं नाही, यावर विश्वास ठेवायला मी तयार नाही.

दुसरी गोष्ट, खात्या-खात्यांमधल्या जोडांची. आपल्याकडे गावचं आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांचं, शहर नगरपालिकेचं किंवा महापालिकेचं, मेडिकल कॉलेज तर वेगळ्याच मंत्र्यांचं. पाण्याचा नमुना आम्ही घ्यायचा, तपासणार भूजल विभागाची प्रयोगशाळा, टीसीएल आणणार ग्रामपंचायत, पाइपलाइन पाणीपुरवठा विभागाची. पेशंट मात्र एकच असतो आणि तो या सगळ्यांच्या हद्दी ओलांडत फिरतो. त्या म्हातारीसारखा.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले तेव्हा हे सगळ्या राज्याने पाहिलं. संशयितांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला, रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, बोट पाण्याकडे गेलं. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आलेली. त्याआधी ती आमच्यासारख्यांच्या दप्तरात असायची, तिथे कार्डं दिली जायची. गाव महापालिकेत गेलं की ग्रामपंचायत संपते आणि कार्डही संपतं. त्या जागी काय येतं? गावाचं दप्तर एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे जाताना विहिरींची, टाक्यांची, व्हॉल्व्हची माहिती कुणी कुणाला समजावून सांगतं का? मी इथे कुणावर ठपका ठेवत नाही. त्या काळात तिथल्या लोकांनी रात्रंदिवस काम केलं. पण हद्दीवरच्या गावाची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न खात्याच्या मानांकनात पहिल्या पानावर असायला हवा. पथकाने मुद्दाम दोन हद्दींच्या मधली वस्ती निवडावी आणि दोन्ही कार्यालयांना वेगवेगळं विचारावं: ही कुणाची? दोन्हीकडून एकच उत्तर आलं तर दोन गुण. दोघांनीही दुसऱ्याचं नाव सांगितलं तर शून्य.

लाल कार्डाचं पुढे काय होतं, हेही तपासा. आम्ही ऑक्टोबरमध्ये लाल कार्ड द्यायचो, यादी वर जायची, एप्रिलमध्ये पुन्हा तेच गाव, तोच व्हॉल्व्ह, तेच कार्ड. ग्रामपंचायतीकडे चेंबर बांधायला पैसे नसतात किंवा इच्छा नसते, पण आमच्या खात्याकडून तरी त्या सहा महिन्यांत कोण गेलं होतं? माझ्या मते एकच गाव लागोपाठ तीन फेऱ्या लाल राहिलं तर चौथं लाल कार्ड तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवावं. सरपंचबाईंच्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळेल.

रिकाम्या जागांचं काय करायचं, हे ठरवल्याशिवाय निकष लिहू नका. तीस हजार लोकसंख्येला एक केंद्र, आदिवासी आणि डोंगरी भागात वीस हजाराला, पाच हजाराला उपकेंद्र, हे कागदावर आहे. त्या उपकेंद्राचा आरोग्य सेवक निवृत्त होतो, जागा तशीच राहते, त्याची गावं शेजारच्याला ‘अतिरिक्त’ म्हणून मिळतात. शेवटची तीन वर्षं माझ्याकडे दोन केंद्रांचा भार होता, म्हणजे एकाही केंद्राचं काम धड होत नव्हतं आणि दोन्हीकडचे अहवाल वेळेत जात होते. खात्याचं मानांकन करताना भरलेल्या जागा हा गुण संचालनालयाच्या आणि मंत्रालयाच्या पत्रिकेत धरा, कारण भरती तिथून होते. रिकाम्या खुर्चीचे गुण तालुक्याच्या खात्यातून कापणं हा अन्याय होईल.

त्यावरून आठवलं: सुरुवात वरून करा. पहिल्या वर्षी फक्त संचालनालय आणि दोन-तीन जिल्हे. खाली गेलेल्या प्रत्येक पत्राला किती दिवसांची मुदत होती? खालून आलेल्या प्रश्नाला उत्तर किती दिवसांनी गेलं? पाण्याच्या नमुन्याचा अहवाल ज्याने नमुना घेतला त्याच्यापर्यंत परत पोचला का? एकतीस वर्षांत मी हजारो अहवाल वर पाठवले. ‘तुमच्या तालुक्यात काविळीचं असं चित्र दिसतंय, अमुक गावांकडे लक्ष द्या’ असं वरून उलटं आलेलं पत्र मला दोनदा मिळालं. दोन्ही पत्रं मी जपून ठेवलीत. आता अहवाल पोर्टलवर रोज जातात, छानच आहे, पण उलटा रस्ता अजून कच्चाच असल्याचं माझ्या जुन्या सहकाऱ्यांकडून ऐकतो.

पथकात कोण असावं? अमेरिकेत एका खात्याची तपासणी करायला दुसऱ्या खात्यांतली काम करणारी माणसं जातात. हे मात्र उचलण्यासारखं आहे. दुसऱ्या जिल्ह्याचा आरोग्य अधिकारी असू द्या, पण सोबत दुसऱ्या जिल्ह्याचा एक आरोग्य सेवक आणि एक सिस्टरही असू द्या. साहेब रजिस्टर उघडतात. आरोग्य सेवक टीसीएलचं पोतं उघडून आधी वास घेतो. आणि रविवारी रात्री दोन वाजता जिल्ह्याच्या साथरोग कक्षाला एक फोन लावा, ‘आमच्या वस्तीत दहा जणांना जुलाब आहेत’ म्हणून. कोण उचलतं, काय विचारतं, सकाळी नऊपर्यंत काय होतं, तेवढ्यावरून खात्याची प्रकृती कळेल. अहवाल जो तयार होईल तो तालुक्याच्या भिंतीवर लावा, आमच्या कार्डांसारखाच, रंगात.

माझ्याकडे एकतीस वर्षांच्या दैनंदिन्या आहेत. पत्र्याच्या पेटीत, डांबराच्या गोळ्या घालून ठेवल्यात. त्यात साथींच्या तारखा आहेत, अहवालातल्या नव्हेत, खऱ्या. मसुदा करायला समिती बसली आणि चालवून पाहायला जुन्या साथी लागल्या तर या पेटीतून घेऊन जा. गावांची नावं तेवढी झाकावी लागतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यक

ता. क. – ओटीची बाटली अजून घरात आहे. सवय म्हणून परवा आमच्या नळाच्या पाण्यात थेंब टाकले. आता आम्ही शहराच्या हद्दीत राहतो, नवीन वसाहत आहे. पाच मिनिटं थांबलो, रंग आला नाही. हे कळवायचं कुणाला, यावर बायको आणि मी अर्धा तास बोललो. शेवटी वॉलमनला फोन केला. तो म्हणाला, “काका, पावडर संपलीय, सोमवारी येणार आहे.” आज बुधवार. पाणी उकळून पितोय.